कपाटातल्या औषधांची फेरनेमणूक

१ जुलै, सकाळ
पाठीवर शिबं असलेल्या माझ्या बंधूंनो! जावाच्या या उकाड्यात अख्खं सिदोआर्जो शहर उघडंबंब बसतं, आणि आपण तेवढे गळ्यापर्यंत बटणं लावून शिजतो. का? आपल्या बुरशीसाठी नवं औषध काढायला कोणाला सवड नाही म्हणून!

(सुरुवात झकास. कुठेतरी वापरणे.)

न्हाव्याकडे मासिकात वाचलं. शास्त्रज्ञ आता जुनीच औषधं बुरशीवर लावून बघतायत. काढलं एका रोगासाठी, लागू पडतं दुसऱ्याला. वाचून अंगावर काटा आला. साखर कारखाना बंद पडला, युनियन संपली, मी घरी बसलो. औषधाची फेरनेमणूक होते, तर या विर्योची का नाही?

निश्चय: दवाखान्याची पायरी चढणार नाही. घरातलं कपाट समर्थ आहे.

बायकोला, कुस्तिनाला, हे सगळं उभं राहून ऐकवलं. म्हणाली, "आंघोळीला चला, पाठ चोळून देते." मुलगा सुराबायाला जाताना कोंड्याच्या शाम्पूची बाटली विसरलाय, तोच ती हल्ली रोज माझ्या पाठीला फासते. डोक्याचा शाम्पू पाठीला! अडाणीपणा. घरात शांतता राहावी म्हणून चालू दिलं.

४ जुलै
प्लॅन. एक डाग, एक औषध. डाव्या खांद्याला गुळण्यांचं औषध, उजव्याला बोकडाच्या खरजेचं. दुसरं शेजारच्या सुगेंगकडून मागून आणलं. कारण सांगितलं नाही.

८ जुलै
बोकडाचं औषध जोरदार आहे. वास मशिदीच्या दारापर्यंत पुरला. वासामागोमाग सुगेंगचा बोकडही आला. सुगेंग 'पाक', म्हणजे 'राव', लावून सगळ्यांसमोर म्हणाला, "पाक विर्यो, युनियनचा एक तरी मेंबर टिकलाय म्हणायचा!" मोठ्या कार्यात टिंगल होतेच.

१३ जुलै
बाटली संपली, कुस्तिनाची चोळाचोळही थांबली. बरं झालं, प्रयोगात लुडबूड नको. डाग कसे आहेत विचारलं. "तसेच." हिची नजर शास्त्रीय नाही. माझी पाठ मला दिसत नाही, पण आतून जाणवतं: शत्रू मागे हटतोय.

नवा सिद्धांत: बुरशीला ऊब लागते. म्हणून ऊन बंद. शर्टावर जाकीट, डोक्यावर छत्री, सावलीच्या बाजूनेच चालणे.

२० जुलै
कुस्तिना अंगणात कुरपुकच्या, म्हणजे कोळंबीच्या पापडांच्या, चकत्या वाळत घालते. म्हणाली, "नुसते बसलाच आहात तर कोंबड्या हाका." मी! संपात भाषणाने तीन हजार कामगारांना रडवणारा मी! शिवाय तिथे ऊन. स्पष्ट नकार दिला. कोंबड्यांनी एक सूप फस्त केलं.

२८ जुलै
सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाची मीटिंग. तेल फासलेल्या खांबावर चढायच्या आमच्या गल्लीच्या मनोऱ्यात सगळ्यात खाली दरवर्षी मी. कारखाना गेला तरी ही जागा माझी आहे. सुगेंगने ठराव मांडला: यंदा शर्ट नको, गेल्या वर्षी शर्ट फाटून सगळे कोसळले. माझ्या खांद्यावर उभा राहणारा नारळवाला बोनारी कुरकुरला, "पाक, रागावू नका. उद्या माझ्या तळपायांना डाग आले तर बायको उंबरा ओलांडू देणार नाही."

डाग घालवायला पंधरा ऑगस्टपर्यंत मुदत मिळाली. भरपूर आहे.

४ ऑगस्ट
सासूबाईंच्या कवळी धुवायच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लावल्या. मस्त फेस आला. डाग दातांसारखे लखलखीत झाले, असं कुस्तिना म्हणते. सकाळी सासूबाई बिनदातांच्या जेवायला आल्या आणि माझ्याकडे बघून बरंच काही बोलल्या. मला कळलं नाही. कुस्तिनाला सगळं कळलं.

१० ऑगस्ट
दवाखान्यात जाणार नाही म्हणजे नाही.

११ ऑगस्ट
कुस्तिनाला घेऊन दवाखान्यात गेलो. उपचारासाठी नव्हे, डॉक्टर वुलान तरुण आहेत, त्यांना मार्गदर्शन मिळावं म्हणून. त्यांनी पाठ खरवडली, मायक्रोस्कोपखाली पाहिली. म्हणाल्या, "बुरशी नाहीच. कधीच मेलीय. काय लावलं होतं?"

मी घसा साफ केला. गुळण्या, बोकड, कवळी, तिन्ही सविस्तर मांडले. त्या कुस्तिनाकडे वळल्या. कुस्तिना म्हणाली, "सुरुवातीला दोन आठवडे कोंड्याचा शाम्पू." डॉक्टरांनी चक्क टाळी दिली तिला! डोक्यासाठीचा तो शाम्पू या डागांच्या बुरशीलाही मारतो म्हणे. बुरशी मेली तरी कातडीचा रंग परतायला महिने जातात, थोडं थोडं ऊन लागतं.

मग मला विचारलं, "पाक, इतके दिवस तुम्ही लढत कोणाशी होता?"

प्रश्न राजकीय होता. शर्ट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली.

१५ ऑगस्ट
उघड्या पाठीने मीटिंगला गेलो. सांगितलं, शत्रू मेलाय, हे नुसते त्याचे झेंडे उरलेत. बोनारी म्हणाला, "झेंडे आहेत म्हणजे राज्य आहे, पाक." सगळे हसले. खालची जागा सुगेंगच्या मेव्हण्याला गेली. मला टाळ्यांसाठी खुर्ची देऊ केली. घेतली नाही.

१७ ऑगस्ट
गेलो नाही. अंगणात उघडा बसलोय, हातात काठी, समोर कुरपुकची सुपं. कुस्तिनाने विचारलं नाही, मी होऊन बसलो. (पाठीला ऊन हवंच आहे. नेमणूक तात्पुरती.) खांबाकडून आरडाओरडा ऐकू आला, मग धप्प आवाज, मग हशा. खालचा माणूस कच्चा. मी म्हणालो नव्हतो?

दुपारी बोनारी आला, तेलाने माखलेला, पण अंगात शर्ट! ठराव झाला असूनही! इकडेतिकडे बघून त्याने शर्ट वर केला. पोटभर शिबं. दोन वर्षांपासूनची. म्हणून तळपायांची एवढी काळजी! सुगेंगच्या मानेवरही आहेत म्हणे, तो कॉलर उगाच वर करत नाही.

माझं भाषण तयारच होतं. उठलो, काठी उंचावली. बोनारी मला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि अदबीने हळूच म्हणाला, "बू कुस्तिना, तो शाम्पू कुठला?"

तरी भाषण वाया जाऊ देणार नाही. समोर कोंबड्या जमल्यात. पाठीवर शिबं असलेल्या माझ्या बंधूंनो, पुरे झाली लपवाछपवी! आजच्या आज, याच अंगणात, शर्ट काढा!

(येताना काठी आणा. एकट्याला या कोंबड्या आवरत नाहीत.)