एका चुलीचं कार्ड

६ जानेवारी, मंगळवार
सकाळी बिडकीनला गेलो. सुधाच्या दवाखान्याचं शटर ती गेल्यापासून अर्धंच उघडत होतो, आज पूर्ण वर केलं. डॉ. पल्लवी आल्या होत्या. पुढच्या पहिल्या तारखेपासून दवाखाना त्या चालवणार, पण रेकॉर्ड कॉम्प्युटरवर हवं. "काका, तुम्ही कंपनीत स्टोअर सांभाळलंय. ओपन सोर्समधली एक-दोन सॉफ्टवेअर बघून सांगा. मॅडमची कार्डं बसली तर बसवू, नाहीतर मी कोरं सुरू करते."
त्यांचं चूक नाही. पण कोरं म्हणजे सुधाचं सगळं लिहिलेलं कपाटात राहणार.

८ जाने.
दोन सॉफ्टवेअर उतरवून घेतली. पहिलं मोठ्या हॉस्पिटलचं. वॉर्ड, खाटा, रक्तपेढी. आपल्याकडे एक बाकडं. बंद केलं.
दुसरं सुटसुटीत. त्यात हवा तो रकाना आपला आपण वाढवता येतो, कुणाला विचारावं लागत नाही. हे कळल्यावर बराच वेळ नुसता तेच करत बसलो. जेवण राहिलं.
अडचण एकच. सुधाचं कार्ड माणसाचं नाही, चुलीचं. एका चुलीवर जेवणारे सगळे एका कार्डावर. भाऊ वेगळे झाले की कार्डही वेगळं. सॉफ्टवेअरला एकेकटा माणूस लागतो.

११ जाने., रवि.
आठवडाभरात आलेल्या पेशंटची कार्डं भरली. शकीलभाई (कंपाउंडर) वाचून दाखवत होते, मी टाइप. जन्मतारीख निम्म्या लोकांची १ जून, शाळेत मास्तरांनी घातलेली. मोबाइल घरटी एकच, चुली दोन असल्या तरी. मधेच मशीनने विचारलं, ही दोन माणसं एकच आहेत का? नाव, तारीख, नंबर सगळं तेच. मी हो म्हटलं. हुशार वाटलं मला ते.

१४ जाने.
संक्रांत. यंदा आपल्याकडे नाही.
डॉ. पल्लवी सवय व्हावी म्हणून लॅपटॉप उघडून पेशंट बघत होत्या. मंगल आली, तापासाठी. पडद्यावर तिची शुगर दिसली. त्या म्हणाल्या, शुगरची गोळी चालू आहे ना?
"मला कुठली शुगर? ती थोरल्या मंगलला. आमच्या जाऊबाई."
दोन जावा, दोघी मंगल. सुधा कार्डावर 'थोरली', 'धाकटी' एवढंच लिहायची. नवऱ्याचं नाव मी घातलंच नव्हतं.
धाकटी हसायला लागली. "जमीन तर नाय दिली वाटून, साखर तेवढी दिली व्हय!"
डॉक्टर हसल्या नाहीत. धाकटीला पेनिसिलिन चालत नाही. ते थोरलीच्या नावावर जाऊन हिच्या नावावरून गेलं असतं तर? म्हणाल्या, "काका, असं असेल तर कोरंच बरं."
परतताना शकीलभाई, "मशीनचा काय कसूर? त्यानं विचारलं होतं. हो तुम्ही म्हटलं."

१७ जाने., शनि.
दोघी मंगलच्या फाइली सोडवल्या. मग नवा रकाना केला: चूल. त्यात कर्त्या बाईचं नाव, या दोघींपुढे नवऱ्याचंही. एक चूल निवडली की सगळं घर समोर, पण प्रत्येकाची फाइल वेगळी. दोन मंगल, दोन चुली. आता मशीन विचारत नाही.
मला सुधाला दाखवावंसं...
डॉ. पल्लवींनी तीन घरं उलटसुलट तपासली. "चूल... ठेवा. मला आवडलं. आता एक घर असं भरा ज्यात कुणी वारलेलं आहे. ते कसं दिसतं बघू." मग माझ्याकडे बघितलं. "सॉरी काका."
मी म्हटलं, बघायलाच पाहिजे.

२० जाने.
आपलंच घर भरलं. चूल: सुधा. मी, ती, लेक रेवा.
'मृत' वर खूण केली. तारीख मागितली, दिली. कारण मागितलं, स्तनाचा कर्करोग. सेव्ह केल्यावर तिची ओळ चुलीतून निघून गेली. फाइल आहे, शोधली की सापडते, पण घर उघडलं तर मी आणि रेवा दोघंच.
कार्डावर ती गेलेल्या माणसावर एकच बारीक रेघ मारायची. रेघेखालून आजार वाचता यायचा. म्हणायची, मुलांना तपासताना पुढे आईबापाचं विचारावं लागतं. उद्या रेवा कुणा डॉक्टरसमोर बसली तर आईचं दिसायला हवं. नुसतं मला हवं म्हणून नाही.
कुठेतरी सेटिंग असणार. सापडत नाही.

२२ जाने., गुरु.
सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या चर्चापानावर प्रश्न टाकला. इंग्रजी तीनदा सुधारलं. गेलेली व्यक्ती घराच्या यादीत कशी ठेवायची, एवढंच. एकाने विचारलं, आम्ही मुद्दाम काढतो, तुम्हाला का ठेवायची आहे? चांगला प्रश्न आहे. चार ओळी लिहिल्या, रेवाचं उदाहरण दिलं, नाव न घालता. अजून उत्तर नाही.
डॉ. पल्लवींचा फोन. रविवारपर्यंत थांबते, मग ठरवते म्हणाल्या.
पाच वाजता नळाला पाणी आलं. पिंप भरलं, दोन्ही बादल्या भरल्या, उरलेल्यात गॅलरी धुतली.