नांगरावरचे नऊ दिवस

प्रिय स्मारो,

तू हे वाचशील तेव्हा तुझं लग्न होऊन गेलेलं असेल. मी इथे नांगर टाकून बसलोय, आज नववा दिवस. बंदर इतकं जवळ, की गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. माझ्या जागी येणारा कॅप्टन तिथल्याच हॉटेलात माझी वाट बघतोय. बंदराच्या साहेबाचं म्हणणं, आमच्या उंदीर-तपासणीच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट आहे. शिक्का चांगला ठसठशीत आहे, पोरी. त्याला बारा खोकी सिगारेट हवीत, बस्स. आज सुटलो असतो तर परवाच्या रविवारी चर्चच्या दारात तुझा हात फोतिसच्या हातात दिला असता.

आमचा स्वयंपाकी मला रोज डिवचतो, "कॅप्टन, आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?" खरंच आहे. काही न देण्याचा नियम माझ्याच लेकीने, तू, केलेला.

आपल्या बेटावर आता लिंबं फुलली असतील. तुझी आई त्या फुलांचा मुरांबा करायची आणि माझ्यासाठी एक बरणी बाजूला ठेवायची. मी कधी आठ महिन्यांनी यायचो, कधी दहा. तुझा जन्म मला वायरलेसवर कळला, पहिला दात तिच्या पत्रातून. ती गेली तेव्हाही मी पाण्यावरच होतो. या वेळी तरी वेळेवर पोचायचं, असं मी तिच्या फोटोसमोर कबूल केलं होतं.

तू सात वर्षांची असताना उन्हाळ्यात माझ्याबरोबर जहाजावर आली होतीस. एका बंदरात साहेब आला आणि मी सिगारेटचं खोकं तुझ्या हातात दिलं. म्हटलं, काकांना दे. त्याने तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तो गेल्यावर तू विचारलंस, "बाबा, हे आपले कोण लागतात?" मी म्हणालो, मित्र. तू म्हणालीस, "मग त्यांनी आपल्यासाठी काय आणलं?"

पुढे तू आमच्याच जहाज कंपनीच्या ऑफिसात बसलीस आणि आम्हा सगळ्या कॅप्टनांना समोर बसवून सांगितलंस, की परक्या बंदरात दिलेली भेटसुद्धा लाचच, तिच्यासाठी मालकाला आपल्या देशात कोर्टात उभं राहावं लागेल. द्यायचं नाही, आणि कुणी मागितलं तर अर्ज भरून कळवायचं. तेव्हा मागच्या रांगेतून म्हातारा लाझारोस ओरडला, "बाई, तुमच्या वडिलांनी जन्मभर वाटल्या तेवढ्या सिगारेटी आम्ही ओढल्यासुद्धा नाहीत!" सगळे हसले. मीही हसलो. तू फक्त माझ्याकडे पाहिलंस आणि पुढचं पान उलटलंस. माझं ते हसणं मलाच फार लागलंय, स्मारो. कधी बोललो नाही.

आज सकाळी तुझा निरोप आला. "बाबा, देऊन टाका त्याला. ऑफिसचं मी बघते. तुम्ही फक्त या." मी तो तीनदा वाचला. कपाटातून खोकी बाहेर काढली, टेबलावर रचलीसुद्धा. तू बोलावलंस आणि मी आलो नाही, असं कितीदा झालंय, हे मला ठाऊक आहे. पण मी खोकी दिली असती, तर सोमवारी लाझारोससमोर तू कुठल्या तोंडाने उभी राहिली असतीस? खोकी परत ठेवली. "येत नाही, माझ्या जागी तुझ्याबरोबर चालायला झानिसकाकाला सांग" एवढंच तुला कळवलं. त्याचा गुडघा दुखतो, तू त्याच्याबरोबर चर्चच्या दारापर्यंत सावकाश चालली असशील.

बाकीचं कागदावर लिहितोय, कारण कागद ऑफिसच्या यंत्रातून जात नाही. पाणी घेऊन येणारा होडीवाला हे टपालात टाकेल. तुझा अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदा भरला. "द्या, असं कोणी सांगितलं?" या रकान्यात साहेबाचं एकट्याचं नाव लिहिलं. तुझा निरोप पुसून टाकला. एवढी एक लबाडी बापाला माफ कर, आणि हे पत्र जाळून टाक.

तुझाच, किनारा बघत बसलेला,
बाबा