निरोप वाचायचं काम

रविवार, ११ जून

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. दुकान बाबांचा कारागीर सांभाळतोय. शिलाई मशीनच्या दुरुस्तीत हात चांगला बसलाय त्याचा, फक्त बोलायला कंजूष.

पत्राचं निमित्त दुकानाची वेबसाइट. तिची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय आणि मुख्य पासवर्ड तुझ्याकडे. चालू ठेवायची तर कामं पुन्हा वाटून घ्यावी लागतील. पहिली वाटणी बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एका पाठकोऱ्या कागदावर केली होती. साइट उभी करून चालती ठेवायची तू, फोटो आईने काढायचे, मजकूर आणि लोकांचे निरोप माझ्याकडे. स्वतःच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, ‘चुका काढणे’. किती हसलो होतो आपण.

पुढे त्याच साइटवरून तुझं नि बाबांचं वाजलं. तू न विचारता ‘घरी येऊन दुरुस्ती’ असं टाकलंस. मी दारोदार हिंडणार नाही, असं ते म्हणाले आणि तू बॅग भरलीस. दोन वर्षं दोघंही हटून बसलात.

हे तुला ठाऊकच आहे. मी उगाच लांबण लावतेय.

बाबा गेल्यावर तू आलास. निघताना चपला घालता घालता विचारलंस, “माझा निरोप वाचून बाबा काही म्हणाले का?” मी म्हटलं, “नाही.”

बाबांनी तो वाचलाच नव्हता.

मार्चमध्ये तो साइटवर आला. ‘बाबा, चुकलो. फोन करू का? तुम्ही हो म्हणालात तरच करतो.’ मी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत वाचला. बाबांच्या तपासण्यांसाठी त्या आठवड्यात तीनदा रजा टाकली होती मी. मनात आलं, आता आठवण झाली का याला? राहू दे आठ दिवस ताटकळत. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, आज कुणाचं काय आलंय. मी गिऱ्हाइकांचं सगळं वाचून दाखवायचे, तुझं तेवढं गाळून. सहाव्या दिवशी ते दुकानात कोसळले आणि शुद्धीवर आलेच नाहीत.

कारागीर परवा सांगत होता, शेवटचं वर्षभर बाबा हत्यारांची पिशवी घेऊन लोकांच्या घरी जायचे. म्हणायचे, “मुलानं लिहून ठेवलंय, त्याला खोटं कसं पाडू?” आपल्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

ते हो म्हणाले असते, धाकट्या. जो नकार त्यांनी दिलाच नाही, तो मी तुझ्या पदरात घातला.

तुझा निरोप मी पुसलेला नाही. साइट ठेवायची की नाही ते तूच ठरव. ठेवलीस तर मला कुठलंही काम दे, निरोप वाचायचं सोडून.

संध्याकाळी आईला सांगणार आहे. त्याआधी हे टाकून येते, नाहीतर धीर व्हायचा नाही.

तुझी अपराधी,
ताई