अर्धी मिशी

नागपूर, २४ मे १९८८

ती. बाबांस मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

सासरी सुखरूप पोचले. चिकूच्या पेटीत तळाशी तुम्ही दडवलेलं आपलं पुस्तक भुसावळ गेल्यावर सापडलं. पानांना चिकूचा वास लागलाय. त्यातले आपले विनोदी नट अजून अर्धी मिशी लावून विंगेत उभे आहेत, उरलेली अर्धी सापडत नाही आणि पडदा वर जातोय. तलासरीचा स्टँड आला म्हणून आपण तिथेच खूण घातली होती ना! मागचं पान पुन्हा वाचलं, हसू आलं आणि सवयीने खिडकीकडे वळले, तर तिथे तुम्ही नव्हता. हे विचारत होते, असल्या आठवणी वाचून कुणी रडतं का.

तुमच्या रागालोभाची धनीण,
मुक्ता

डहाणू, २० जून १९८८

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद.

शाळा सुरू झाली. तलासरीच्या बसमध्ये तुझ्या जागेवर एक कंपाउंडर बसतो आणि डहाणू सोडायच्या आत घोरतो. चालत्या गाडीत अक्षरं पाहिली की मला मळमळतं, म्हणून तू वाचायचीस आणि अख्खी बस फुकटात ऐकायची. पुढच्या बाकावरची गंगी रोज विचारते, मास्तर, पोर कवा येल, नी तो मिशीवाला भायेर आला का? दोन्हींना माझं एकच उत्तर, दिवाळीला. पहिली दिवाळी माहेरचीच. तोवर पुढे वाचलंस तर याद राख.

माया आहेच, पत्र तेवढं धाड.
बाबा

नागपूर, २५ ऑक्टोबर १९८८

ती. बाबांस शि. सा. न.

वन्संचं लग्न ठरलं. सासूबाई म्हणाल्या, यंदा दिवाळीला जाणं जमणार नाही. मी बरं म्हटलं आणि पोळ्या लाटत राहिले. बाबा, मला खूप यायचं होतं. पुस्तक रजिस्टर पोस्टाने पाठवते. घरी देवेशदादा तुम्हाला बातम्या दिल्यासारखं वाचून दाखवेल, पण निदान मिशी तरी सापडेल.

लोभ होता तसाच ठेवा.
मुक्ता

डहाणू, ३१ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद.

गंगीला सांगितलं, दिवाळीला नाही. ती टोपलीतले चार चिकू माझ्या पिशवीत टाकून उतरली.

वन्संच्या लग्नात हौसेने राब. पण पुस्तक पाठवू नकोस. सासूबाईंना सांग, वडिलांची वस्तू माझ्याकडे राहिलीय, ती द्यायला जायचंय. पोस्टाने आलं तर हेही निमित्त जाईल. तो बिचारा राहील उभा अर्ध्या मिशीने. मीही राहीन.

जास्त काय लिहू? ये.
बाबा