शीतयुद्ध संपल्यावर वारज्यात घडलेला प्रकार

नारायण पेठ, पुणे
ता. २० मार्च १९९२

तीर्थस्वरूप भीमरावदाजींच्या चरणी रावसाहेबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले गुडघे कसे आहेत? विजयमालाअक्काने लिहिले होते की आपण एरंडेलाने शेकता. सासवडची थंडी सरली असेल, तेव्हा उतार पडला असावा. इकडे सौ. मालन ठणठणीत आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही (कारण पुढे येईल). माझी प्रकृती डॉक्टरांच्या मते उत्तम आहे. परंतु गेल्या तीन आठवड्यांत मला दोन मोठे धक्के बसले आहेत.

वारज्याचे द. गे. ऊर्फ दत्तोबा पायगुडे हे नाव आपण माझ्या तोंडून ऐकलेले आहे, बहुधा जेवताना, आणि बहुधा त्यापाठोपाठ माझा ठसकाही. अमेरिकेने चंद्रावर माणूस उतरवला तेव्हापासून मी अमेरिकेचा. पायगुडे रशियाचे. (का, ते मला आत्ता कळले. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची जनावरांची ज्वारी, खाल्ला होता. यावर मी काय बोलणार, मीही खाल्ला होता.) वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात आम्ही एकोणीस वर्षे एकमेकांची सालटी काढली. अणुबाँब, अफगाणिस्तान, ऑलिंपिकची पदके, काही सोडले नाही. एकमेकांचे तोंड मात्र कधी पाहिले नाही. माझ्या मनात ते कुणी निवृत्त प्राध्यापक होते, वेताच्या खुर्चीत बसणारे, पांढऱ्या भुवयांचे आणि हेकट.

मागच्या नाताळात गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि एवढा अवाढव्य देश एखादी भिशी मोडावी तसा मोडला. मी दुसऱ्याच दिवशी पत्र टाकले. रेगनसाहेबांनी शस्त्रास्त्रांवर पाण्यासारखा पैसा ओतला, रशियाला ती बरोबरी झेपली नाही, आणि अखेर गोर्बाचेव्ह यांना गुडघे टेकावे लागले, सबब शीतयुद्ध संपवण्याचे श्रेय एकट्या अमेरिकेच्या नेतृत्वाचे, असा त्याचा आशय होता. शेवटी ‘वारज्याच्या अभ्यासकांनी आता काय ते सांगावे’ असेही घातले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते छापून आले आणि मी उत्तराची वाट पाहत बसलो. पायगुडे आठ दिवसांत उत्तर देतात. घरात लग्न होते तेव्हासुद्धा सहाव्या दिवशी दिले होते, कागदावर हळदीची बोटे होती (संपादकांच्या कारकुनाने मला मुद्दाम दाखवली). या वेळी जानेवारी गेला, निम्मा फेब्रुवारी गेला, एक ओळ नाही. मी खरे तर पेढे वाटायला हवे होते. पण दाजी, आपल्यापाशी काय लपवायचे, मला घास गोड लागेना. सकाळी पेपर आला की मी तेच पान आधी उघडायचो आणि घडी घालून ठेवून द्यायचो.

मग मी विचार केला. पुण्याच्या वेशीवर राहणारा माणूस, त्याला नाव घेऊन डिवचलेले, आणि तो दीड महिना गप्प. याचा एकच अर्थ निघतो. मालन म्हणाली, आधी वारज्याला जाऊन चौकशी करा. मी म्हटले, तर्काने सिद्ध झालेल्या गोष्टीची चौकशी कसली? (तिच्या आताच्या अबोल्याचे कारण हेच.) आणि मी श्रद्धांजली लिहिली. ‘अभ्यासू, परखड, आणि मते चुकीची असूनही प्रामाणिक’ असे त्यांचे वर्णन केले. लिहिताना दोनदा चष्मा पुसावा लागला. मी जुना पत्रलेखक, त्यामुळे संपादकांनी विश्वासाने छापली, चौकटीत. ती छापून आली त्या शुक्रवारपासून मी स्वतःला फार मोठ्या मनाचा माणूस समजत होतो. ते सुख रविवारपर्यंत टिकले.

रविवारी पांढरा सदरा घालून मी बसने वारज्याला दुखवट्याला गेलो. माझ्या मनातला प्राध्यापकी बंगला नव्हताच. गोठा होता, दोन म्हशी होत्या, बाजूच्या वावरात कुणा बिल्डरची ‘बुकिंग चालू’ अशी पाटी होती, आणि ओट्यावर काळा चष्मा लावलेले एक म्हातारे गृहस्थ भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. घरातला कुणी वडीलधारा असावा म्हणून मी शेजारी टेकलो, सुस्कारा सोडला, आणि दत्तोबांसारखा माणूस पुन्हा होणे नाही असे म्हणालो. ते म्हणाले, “कवा गेले?” मी म्हटले, “साधारण जानेवारीत.” ते म्हणाले, “आन् तुमाला कुनी सांगितलं?” मी म्हटले, पेपरात मीच तर दिले. त्यावर त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, “मंग तुमी रावसाहेब. मीच हाय दत्तोबा. परवाधरनं सतरा मान्सं रडून गेली. मुळशीची चुलती तर बसमधनंच रडत आली. तुमीच उशीर केला.”

दाजी, मी घाईघाईने ते दाणे तोंडात टाकले. (माझे तोंड भरलेले होते, ही मालनच्या मते या प्रकरणातली एकमेव चांगली गोष्ट.) एक दाणा घशात अडकला आणि ज्यांना मी मारले त्यांनीच माझी पाठ थोपटली.

दुसरा धक्का चहाबरोबर बसला. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे जानेवारीत गेले, परत येण्यासारखे नाहीत. घरात पेपर वाचणारे ते एकटेच, म्हणून मुलाने, शंभूने, पेपर बंद केला. शंभू दिवसभर प्लॉटच्या व्यवहारात, नातू पृथ्वीराज कॉम्प्युटरच्या क्लासात. माझे पत्र त्यांना कुणी वाचून दाखवलेच नव्हते. ते त्यांनी माझ्या खिशातल्या कात्रणावरून माझ्याकडूनच वाचून घेतले, खड्या आवाजात, म्हशींसमोर. विशेषणे किती घातली आहेत ते मला तेव्हा कळले. ऐकून झाल्यावर त्यांनी मांडीवरची टरफले झटकली. मग म्हणाले, “डोळ्याचं येवढं नाय. पर उत्तर द्यायचं ऱ्हायलं.” मला फार वाईट वाटले, आणि लेखनिक म्हणून मी हजर आहे असे माझ्या तोंडून निघून गेले.

तेव्हापासून दर बुधवारी मी वारज्याला जातो आणि माझ्याविरुद्धचे पत्र माझ्याच हाताने लिहून घेतो. बोलताना ‘हाय’ म्हणणारे दत्तोबा सांगताना शुद्ध बोलतात, स्वल्पविरामासकट. पहिला मुद्दा, पैसा ओतल्याने भांडण वाढते, मिटत नाही. दुसरा, हाताशी रणगाडे असताना ज्याने पूर्वेकडच्या देशांत ते पाठवले नाहीत त्याने युद्ध संपवले, आणि रेगन यांचे श्रेय एवढेच की समोरच्याने हात पुढे केल्यावर त्यांनी तो धरला. (मध्ये मी हरकत घेतली. लेखनिकाने मधे बोलू नये असे मला सांगण्यात आले.) पत्र धाडले. संपादकांचे कार्ड आले: ‘पायगुडे वारल्याचे आपणच कळवलेत. त्यांचे पत्र आपल्याच अक्षरात आले आहे. आपण विश्रांती घ्यावी.’ पुन्हा धाडले, खाली त्यांची सही घेऊन. ती बिचारी कागदावरून उतरून सतरंजीवर गेली. दुसरे कार्ड आले: ‘सहीही जमलेली नाही.’ त्यांना कचेरीत नेतो म्हटले तर दत्तोबा म्हणतात, “मला पेन्शन नाय. हयातीचा दाखला मी का म्हनून दिऊ? मला नाय, उत्तर छापा.” रोज शंभूला विचारतात, आलं का? शंभू मला विचारतो. माझ्या एका चौकटीने त्या माणसाचे तोंड बंद झाले आहे, आणि ते उघडल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

बाकी क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. अक्काला नमस्कार, नम्रता आणि सृष्टी यांना आशीर्वाद.

आपला आज्ञांकित,
रावसाहेब

ता. क. आपण एकतीस वर्षे मुख्याध्यापक होता आणि आपले अक्षर छापल्यासारखे आहे. गुडघे साथ देत असतील तर येत्या बुधवारी यावे. मी स्वारगेटला उभा असेन. पत्र आपण लिहून घ्यावे, आणि दत्तोबांना हयात पाहिल्याचे खाली सहीनिशी नमूद करावे. मजकूर पुन्हा सांगायला ते तयार आहेत.

ता. क. २. ते तीन मुद्दे सांगतील. तिसरा मी दोन्ही वेळा लिहिलाच नाही, कागदावर नुसते पेन खरखरवले. तो असा: ‘भांडण मिटते ते, जो पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारी जातो त्याच्यामुळे. जगाच्या भांडणात ते गोर्बाचेव्ह यांनी केले. आमच्या भांडणात रावसाहेबांनी केले. माझे डोळे होते तोवर मी नारायण पेठेत गेलो नाही. सबब मोठेपणा त्यांचा.’ दाजी, ते हयात आहेत असे कळले असते, तर मी वारज्याची बस जन्मात धरली नसती. हे त्यांना सांगायचा धीर मला होत नाही. आपण तो मुद्दा शब्दशः लिहून घ्या. तेवढा वेळ मी गोठ्यात जाऊन उभा राहीन.