कूलरच्या टाकीतला अंगठा

बाबा, आपला कूलर भंगारात गेला. लोखंडी पत्र्याचा, अर्धी खिडकी अडवून बसलेला, चालू केला की गल्लीच्या टोकाला कळायचं असा. दादाने आईच्या खोलीत एसी बसवला, मग त्या धुडाचं काय काम? त्याने हे फोनवर सहज सांगितलं आणि मी एकदम ओरडले, मी येईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही! तो हसला. म्हणाला, "काऊन वं, पूजा करतं काय त्याची?" त्याला काय सांगणार? टाकीच्या आत, डाव्या कोपऱ्यात, गळती बुजवायला लावलेल्या सीलचा एक थर आहे आणि त्या थरावर एक अंगठा उमटलेला आहे. तुमचा अंगठा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. तुमचा आवाज कुठल्या कॅसेटवर नाही, फोटोत तुम्ही कायम दुसऱ्याच कोणाकडे बघताय, आणि हात तर एकाही फोटोत धड दिसत नाहीत. तो अंगठा तेवढा राहिला होता.

आपल्या लोणारचं बोअरचं पाणी जड. टाकीला आतून पांढरे पापुद्रे धरायचे, त्याखाली पत्रा सडायचा, आणि होळीनंतर कूलर लावला की पहिल्याच दिवशी खाली थारोळं. मग बाजारातून सील यायचं. एक काळी कांडी, एक पांढरी, दोन्ही मळून राखाडी गोळा करायचा, छिद्रावर दाबून बसवायचा आणि दगड होईपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मला ते लख्ख आठवतं. तुम्ही बनियनवर ओसरीत बसलेले, टाकी आडवी केलेली, मी बॅटरी धरून उभी. घाणेरडा वास सुटलाय. तुम्ही कोपऱ्यात अंगठा दाबताय आणि म्हणताय, "उजेड हलवू नको नं बाई." हे चित्र मी इतक्या वेळा काढून बघितलंय की त्याच्या कडा झिजल्या असतील.

अंगठ्यांचंच तर काम होतं तुमचं. रजिस्ट्री कचेरीत दिवसभर लोकांचे अंगठे घ्यायचे. शाळेला सुटी असली की मी तुमच्या टेबलामागच्या स्टुलावर बसलेली असायची. वावर विकायला आलेले, वाटणीला आलेले, भावाला हक्कसोड लिहून द्यायला आलेल्या बहिणी. माणूस घाबरला की अंगठा ताठ करतो, मग शाई पसरते आणि कागदावर नुसता डाग उठतो. तुम्ही त्यांचं मनगट खालून धरून हलकासा झटका द्यायचे आणि म्हणायचे, "ढिला सोडा. अंगठा ढिला सोडा, जोर मी लावतो." एकदा एक म्हातारी म्हणाली, "वा रे साहेब, जमीन माही अन् जोर तुमचा!" सगळी कचेरी हसली. तुम्ही हसला नाहीत. तिचा अंगठा तुम्हाला पुन्हा घ्यावा लागला.

तुमच्या पिशवीतलं शाईचं पॅड घेऊन मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर अंगठ्यांची फुलं काढली होती, आठवतं? आई तव्यावर भाकरी टाकत होती. तुम्ही आलात, भिंत पाहिलीत आणि हात उगारलात. मारलं नाहीत, पण चेहरा असा झाला होता की मारलं असतं तर बरं. "अंगठा कुठीबी लावाचा नसते! अंगठ्यानं जमिनी जातेत मानसाच्या!" भाकरी करपली. तुम्ही स्वतः ओल्या फडक्याने भिंत घासत बसलात आणि ती शाई अजूनच पसरली. मग पुढच्या रविवारी कचेरीतलं एक टाकाऊ भिंग आणलंत, दांडी तुटलेलं. माझाच अंगठा माझ्या डोळ्यांपुढे धरलात. "पाह्य. वखरलेल्या वावरासारखा हाये का नाही? तासं पाह्य." मी दिवसभर ती तासं, अंगठ्यावरच्या रेघा, पाहत बसले. तुम्ही सगळीकडे सही करायचे, लांबलचक, शेवटी दोन टिंबं दिलेली. तुमचा अंगठा मी कागदावर कधीच पाहिला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरी पोचले तोवर तुमची आंघोळ झाली होती, हातांचे अंगठे सुतळीने एकत्र बांधले होते. आणि कोणीतरी, आत्याच असेल, तुमचे हात घासून धुतले होते. नखांच्या कडेला कायम असायची ती जांभळी शाई, दिवाळीच्या उटण्याला पण दाद न देणारी, ती गेली होती. मला ते हात ओळखू येईनात. मी पाया पडले. हाताला हात काही लावला नाही. दुसऱ्याच कोणाचे तरी हात तुमच्या छातीवर आणून ठेवलेत असं वाटत राहिलं. अजून कधीकधी तेच हात माझ्या स्वप्नात येतात, स्वच्छ, गोरे, आणि मी त्यांच्यामागे तुमचे हात शोधत फिरते.

आता मी काय करते ते ऐका. पोट धरून हसाल. शिक्के मारते! पुण्याला एका प्रयोगशाळेत. आरशासारखी गुळगुळीत सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर उजेडाने घट्ट होणारा एक लेप पसरायचा, वर नक्षीची काच ठेवायची आणि डोळ्याला न दिसणाऱ्या जांभळ्यापलीकडच्या उजेडात धरायची. मग धुतलं की उजेड न लागलेला लेप निघून जातो आणि उरतात रेघा, केसाच्या जाडीत कितीतरी मावतील अशा. त्यांच्यावर पातळ रबर ओतायचं, गरम करून जमवायचं, सोलायचं, झाला शिक्का. त्याला रसायनाची शाई लावून सोन्याच्या मुलाम्यावर टेकवायचा. नुसता टेकवायचा. जोर दिला की त्या बारीक रेघा दबून बसतात, शाई पसरते आणि सगळं मुसळ केरात. सुरुवातीला माझा एक शिक्का धड उठेल तर शपथ. एका दुपारी मी त्या खोलीत एकटीच होते. साधा उजेड लेपाला चालत नाही, म्हणून तिथे सगळं पिवळं असतं, दिवे, भिंती, स्वतःचा हातसुद्धा. अंगावर पायघोळ पांढरा झगा, तोंडाला फडकं. चिमट्यात शिक्का धरलेला, मनगट ताठ. आणि कोणीतरी माझ्या मनगटाला खालून हलकासा झटका दिला.

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. शिक्का मात्र स्वच्छ उमटला. मी भुताखेताला मानणारी बाई नाही, आईच्या सगळ्या उताऱ्यांना मी नावं ठेवलेली आहेत. पण तेव्हापासून त्या खोलीत शिरताना मी दार जरा जास्त वेळ उघडं धरते, कोणाला आत यायचं असलं तर. बरोबरचे लोक करवादतात, धूळ येते म्हणून. मी म्हणते, दाराची स्प्रिंगच ढिली झालीय.

त्या रबराचा गुण असा की ज्यावर ओताल त्याची बारीकातली बारीक रेघ उचलतं. सीलमध्ये अंगठा रुतलेला होता, म्हणजे तिथे खड्डा होता. त्या खड्ड्यात रबर ओतलं तर नुसता ठसा निघणार नाही, अंगठाच निघेल, मऊ, वाकणारा, रेघांसकट. जो हात मी त्या दिवशी धरला नाही त्यातलं थोडंसं मला एकदा हातात धरता येईल. मला एवढंच पाहिजे होतं, बाबा. आणि एकच संधी होती. जुनं सील ठिसूळ झालेलं, शिवाय काही सीलवर हे रबर जमतच नाही, चिकट राहतं आणि रेघांमध्ये भरून बसतं. तसं झालं असतं तर तुमचा अंगठा मीच माझ्या हाताने बुजवला असता.

मे महिन्यात गेले. दादाने भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशीचं सांगून ठेवलं होतं. टाकी अंगणात ओढली, विटांवर तिरपी टेकवली, कोपरा सपाटीला आणला. पापुद्रे दात घासायच्या जुन्या ब्रशने झाडले. अंगठा होता! रबर वाहून जाऊ नये म्हणून भोवती पाळ घालायला आईकडे कणकेचा गोळा मागितला. तिने मळून दिला आणि उंबऱ्यात बसून बघत राहिली. "इकाचा हाये तो कूलर. त्याले आता कायले लेप देऊन राह्यली?" मी म्हटलं, गंमत आहे, बघ. रबर ओतलं, बुडबुडे वर येईपर्यंत फुंकर घातली. प्रयोगशाळेत भट्टी लागते, आपल्याकडे मे महिन्याचं ऊन पुरतं. दुपारभर मी त्या टाकीपाशी छत्री न घेता बसले. आई दोनदा ओरडली, डोकं फिरलं का तुहं म्हणून. फिरलंच होतं.

उन्हं कलल्यावर सोलायला घेतलं. एका कडेला रबर अडलं, सीलचा टवका उडाला. मग अलगद सुटलं. तळहातावर घेतलं तर उन्हाने गरम होतं, माणसाच्या हाताइतकं. तासं सगळी होती. मी तो अंगठा दोन्ही हातांनी धरला आणि अंगणात बसून रडले. खरंच रडले, नाक वाहीपर्यंत. आई घाबरून उठून आली. मी तिच्या हातात तो ठेवला आणि म्हटलं, ओळख, कोणाचा?

तिने तो उजेडाकडे धरला, बोट फिरवलं. "हा त माहा व्हय."

मी म्हटलं, "बाबांचा आहे, आई. ते सील लावायचे ना?"

"त्याईनं?" ती हसायलाच लागली. "त्याईनं कधी हात लावला का त्या सीलले? आधीच शाई निघत नाही, म्हनत, हे अजून कुठी लावू. ते टाकी धरत. मी लावत होती. हे पाह्य, इळीचा वार." रबरावर तासांना छेदून विळीच्या जुन्या कापाची एक तिरकी रेघ गेली होती. तिने स्वतःचा अंगठा शेजारी धरला. तीच रेघ. बाकी तिचा अंगठा आता गुळगुळीत झालाय, राखेने, भांड्यांनी, पिठाने. ती कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत होती. "अयबाई, किती रेघा होत्या वं माह्या," म्हणाली. मी टाकीतले बाकीचे थर दाखवले, ते सपाट. "ते केले त्याईनं एक-दोन. चमच्यानं."

चमच्याने! मला तुमचा इतका राग आला, बाबा. गावोगावच्या लोकांचे अंगठे घेतलेत आणि स्वतःचा मात्र सील लावतानाही वाचवलात. कुठे जाणार होती तुमची जमीन? होती तरी कुठे? दुसऱ्या दिवशी भंगारवाला टाकी उचलून घेऊन गेला तेव्हा मी बाहेर आले नाही. ती बनियन, ती बॅटरी, "उजेड हलवू नको", हे तरी खरं होतं का, हेसुद्धा मी आईला विचारलं नाही. नाही म्हणाली असती तर काय करायचं होतं मी?

मग परवा नोव्हेंबरात आईचा हयातीचा दाखला करायला गेलो. तुमच्या मागे तिला पेन्शन मिळते, त्यासाठी दरवर्षी ती जिवंत आहे हे यंत्राला अंगठ्याने पटवून द्यावं लागतं. सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, काकू, दाबा जरा. तिने दाबला. यंत्राचा दिवा लाल. पुसून दाबला. लाल. तिने तर सगळं अंगच ताठ केलं, ओठ आवळले, जिवंत नसल्याचं शाबीत होतंय की काय अशी. मी काही ठरवलं नव्हतं. माझा हात तिच्या मनगटाखाली गेला, हलकासा झटका दिला, आणि माझ्या तोंडून निघालं, "ढिला सोड. अंगठा ढिला सोड, जोर मी लावते."

तिचं मनगट माझ्या हातात एकदम सैल पडलं. तिने यंत्राकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. माझ्या हाताकडे पाहिलं. पोरगा म्हणाला, "नाही घेऊन राह्यलं हो. डोळ्याचं करू." मी हात सोडायला गेले.

"थांब नं," आई म्हणाली. "धरून राह्य जराशीक. असंच धरत होते ते."

मागे रांग होती. कोणीतरी च्यक् केलं. मी धरून राहिले.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं नाही. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, आणि आईच्या हाती तर पडूच देणार नाही, कारण एक गोष्ट यात लिहावीच लागतेय. तो रबराचा अंगठा माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या दिवशी अंगणात आई तो हातात घेऊन आपल्या रेघा बघून हरखली होती, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, बाबा. जिवंत माणसाचा निघाला म्हणून.