हे आणि बाळ्या

रविवार, २३ जुलै २०००

जिंकले. हे आणि बाळ्या. शर्यतीच्या पुस्तकात त्या घोड्याचं नाव कोबाल्ट. आमच्या घरात बाळ्या. गेला सीझन त्यानेच गाजवला, याही वर्षी सुरुवात तशीच. फक्त मानेएवढ्या अंतराने, पण जिंकला. लोक नाचत होते आणि मी स्टँडमागे नळापाशी डोळे मिटून उभी. जॉकीची बायको असून रेस बघवत नाही! पूर्वी बघवायची. फेब्रुवारीत मुंबईला हे घोड्यावरून पडले, डोकं आपटलं, तेव्हापासून नाही.

बुधवार, २६ जुलै

जेवताना म्हणाले, "ताक नाही केलंस?" ताक ताटाच्या उजवीकडेच होतं. मान वळवल्यावर दिसलं. हसले. मी पेला उचलून डावीकडे ठेवला.

शनिवार, ५ ऑगस्ट

हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे ठीक आहेत. मेंदूला मार लागलाय — उजव्या बाजूची नजर गेलीय, परत येईल असं दिसत नाही. "स्कूटरसुद्धा चालवू नका." हे काय काम करतात ते आम्ही सांगितलंच नव्हतं.

रिक्षात यांनी माझा हात धरला. "एवढा सीझन. बाळ्यावरून मला उतरवू नकोस."

"मी कोण उतरवणार?"

"तूच. तुझ्याशिवाय कुणाला माहितीये?"

रविवार, १३ ऑगस्ट

बाळ्या पुन्हा जिंकला. पुन्हा थोडक्यात. पेपरवाले यांच्याबद्दल लिहितात — हिंमतराव घोड्याला शेवटपर्यंत दाबून ठेवतो, बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लावतो. बघणाऱ्यांचा!

सोमवार, १४ ऑगस्ट

हडपसरला ऑफिसात पेढे वाटले. पूर्णिमा म्हणाली, "मॅम, सर सॉलिड आहेत. तुम्हाला टेन्शन येतच नसेल ना आता?" नाही म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

रविवार, २७ ऑगस्ट

आज बाळ्या नव्हता, दुसराच घोडा होता. नंतर कळलं ते असं: वळणावर अभिनव, नवा पोरगा जॉकी, उजवीकडून, रेलिंगच्या बाजूने पुढे येत होता. यांनी घोडा सरळ त्याच्या अंगावर घातला. पोराचा गुडघा रेलिंगला घासत गेला. पडला नाही, एवढंच. मागून सगळे घोडे येत होते.

चौकशीत ताकीद देऊन सोडलं. संध्याकाळी अभिनव घरी आला. लंगडत. राग नाही, काही नाही. "दादा, मी ओरडलो होतो. दिसलो नाही का मी?"

हे म्हणाले, "घोडा बुजला रे."

मी आत कणीक मळत होते. हात थांबले ते थांबलेच. आजवर मला एकाच माणसासाठी भीती वाटत होती. आता सगळ्यांसाठी वाटते.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

हाफ डे घेऊन तबेल्यावर गेले. रावसाहेबांना, म्हणजे बाळ्याच्या ट्रेनरना, सरळ सांगितलं. यांना उजवीकडचं दिसत नाही.

ते जरासुद्धा दचकले नाहीत. "वहिनी, तो घोडा दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. सतरा तारखेची मोठी रेस होऊ द्या. मग बघू."

म्हणजे रावसाहेबांना आधीच ठाऊक होतं.

शुक्रवार, १ सप्टेंबर

रेस क्लबच्या डॉक्टरांना यांच्या नजरेचा रिपोर्ट नेऊन दिला. त्यांनी दोनदा वाचला. "त्यांना माहितीये तुम्ही आलात ते?" नाही म्हटलं.

शनिवार, २ सप्टेंबर

लायसन्स थांबवलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "तू?"

"हो."

बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलंय. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

अजून अबोला. बाळ्यावर आता अभिनव बसणार. त्याला सांगायला तरी जा म्हटलं, घोड्याची सवय सांगा. आज पहाटे उठून गेले. परत आले ते चेहरा काळवंडलेला. "पोरगं ऐकत नाही. मालकांना मोठ्या फरकाने जिंकायचंय." आठवड्यात माझ्याशी बोललेलं हेच पहिलं वाक्य.

रविवार, १७ सप्टेंबर

यांनी मला बरोबर नेलं. आज हे खोगिरावर नव्हते, म्हणून मी डोळे उघडे ठेवले.

बाळ्या असा पळताना मी कधी पाहिला नव्हता. वळणावरच सगळ्यांना मागे टाकलं. लोक उभे राहिले. हे मात्र रेलिंग धरून पुटपुटत होते — "आवर. अभिनव, आवर त्याला." मला वाटलं, मत्सर. देवा, मला तसंच वाटलं.

मग पुढचा पाय गेला. एवढा मोठा घोडा, तोंडघशी कोसळला. अभिनव लांब फेकला गेला, गडगडला, उठून बसला. बाळ्याही उठला. तीन पायांवर. चौथा नुसता लोंबत होता.

हे रेलिंगखालून वाकून धावले. उजवा खांदा खांबावर आपटला, थांबले नाहीत. घोड्याला संपवताना लोकांना दिसू नये म्हणून भोवती पडदा धरला, तेव्हा हे आतच होते.

अंधार पडल्यावर घरी आले. शर्टावर बाळ्याच्या तोंडचा फेस वाळलेला. मी शर्ट भिजत घातला.

मंगळवार, १९ सप्टेंबर

आज बोलले. बाळ्याचा तो पाय जुलैपासून आतून दुखत होता. वरून काही दिसायचं नाही, सांगून कुणी मानलं नसतं; पाठीवर बसलं की यांना कळायचं. म्हणून हे त्याला आवरून, जपून आणत होते. दुसरा कुणी त्याला मोकळा सोडेल याचीच भीती होती. म्हणूनच उतरायचं नव्हतं.

मी म्हटलं, "मला सांगायचं होतंत."

हे म्हणाले, "तू तरी कुठे मला सांगून गेलीस."